साडूंची पाहणी

माझ्या साडूंइतकी तयारी करून घराबाहेर पडणारा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि इतकी तयारी करून भलत्याच ठिकाणी पोहोचणाराही सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, उंचीने वीतभर जास्त आणि बोलण्यात माझ्या एक दशांश. राहतात भिवंडीजवळ अंजूरला, आणि तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर आहेत. गोदामातून बाहेर पडणारी प्रत्येक पेटी यादीत असलीच पाहिजे, ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की घरातून बाहेर पडणारी माणसंही ते यादीवर खूण केल्याशिवाय सोडत नाहीत. यादी कागदावर नसते. खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर जाड मार्करने लिहिलेली असते, आणि प्रवासात ती त्यांच्या मांडीवर असते. गाडीत माणसं बसवायची तीसुद्धा माल भरल्यासारखी. त्यांच्या व्हॅनमध्ये मी एकदाही खिडकीशी बसलेलो नाही. "मास्तर, तुमी मागं बसा," असं ते अत्यंत आदराने सांगतात. "वजन मागच्या चाकावर पायजे." माझ्या विद्वत्तेबद्दल भिवंडीत मतभेद असतील, वजनाबद्दल नाहीत.

पण साडूंचा खरा छंद म्हणजे पाहणी. कुठल्याही ठिकाणी सहकुटुंब जाण्याआधी ते एकटे जाऊन ती जागा बघून येतात. माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आदल्या दिवशी ते इस्पितळात जाऊन माझ्या होणाऱ्या खाटेवर आडवे झाले होते, पंख्याचा वारा डोक्याला लागतो की पायाला, ते बघायला. तेवढ्यात नर्स आली आणि तिने त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. साडूंनी मुकाट्याने हात पुढे केला. "ती कामात होती, कशाला मधी बोला," हे त्यांचं स्पष्टीकरण. एका पुतण्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मंगल कार्यालयात जाऊन दुपारी बारा वाजता सावली कुठे पडते ते हेरून ठेवलं, आणि लग्नादिवशी बरोबर त्या सावलीत जाऊन बसले. कार्यालयात हॉल दोन होते. जेवण उरकून आहेराचं पाकीट द्यायला स्टेजवर चढले तेव्हा नवरा-नवरी दोघंही अनोळखी निघाली. साडूंनी पाकीट तरीही दिलं. जेवलो होतो ना, म्हणाले.

अशा माणसाकडे मी धबधब्याची सहल सोपवली, यात माझ्या आळसाचा वाटा मोठा होता. धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. गेली बावीस वर्षं दर जुलैत आठवीच्या वर्गाला 'धबधब्याच्या सहवासात एक दिवस' हा निबंध सांगतो. दुधासारखा शुभ्र फेस, तुषारांचा शिडकावा, निसर्गाचं रौद्र संगीत, सगळं मला तोंडपाठ आहे. फक्त धबधबा मी पाहिलेला नव्हता. माझा जन्म भिवंडीचा. पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर जे पाणी साचतं, तेवढाच माझा आणि जलसृष्टीचा संबंध. हे गुपित बावीस वर्षं टिकलं, आणि मग जूनमधल्या एका संध्याकाळी बायकोने मोबाईलवर एक धबधबा बघता बघता विचारलं, "अहो, तुम्ही दरवर्षी मुलांना लिहून देता तो धबधबा नक्की कुठला?" मी ताबडतोब साडूंना फोन लावला.

त्यांनी आठवड्याभरात जागा शोधली. वज्रेश्वरीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला एक लहान गाव आणि गावाच्या डोक्यावर धबधबा. 'धबधबा फायनल' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, त्यात साडू, त्यांची बायको म्हणजे आमच्या ताई, माझी बायको आणि मी. रविवारी साडू पाहणीला गेले आणि संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "वाट चिखलाची हाय. परत बगावं लागंल." पुढच्या रविवारी परत गेले. "पाणी अजून कमी हाय." तिसऱ्या रविवारी, "पाणी लय झालं." चौथ्या रविवारी, "गाडी कुटं लावायची ते ठरत न्हाय." ग्रुपचं नाव एव्हाना 'धबधबा फायनल ३' झालं होतं. मी मनातून खूश होतो. सहल ठरत होती, बायको गप्प होती, आणि मला घरात बसून भजी खायला मिळत होती.

आणि मग ताईंचा फोन आला.

ताई एरवी फोनवर ओरडून बोलतात. त्या दिवशी आवाज खाली होता. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते. माणूस धबधबा बघून आला तर गाणं गुणगुणतो का?"

"गुणगुणेल की," मी म्हणालो. "निसर्गाचा परिणाम."

"वीस वर्षांत हे घरात गुणगुणले नाहीत. आता दर रविवारी गुणगुणत येतात. येतात ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून. आठ वाजता झोपतात, पोरासारखे. आणि परवा माझ्याकडे लोणच्याची बरणी मागितली. मी विचारलं कोणाला, तर म्हणाले, तिथं एक बाई हाय, तिला तुझं लोणचं लय आवडलं." ताईंचा आवाज आणखी खाली गेला. "मास्तर, एक बाई आहे."

इथे एखाद्या समंजस माणसाने ताईंना सांगितलं असतं की, जो नवरा दुसऱ्या बाईसाठी बायकोकडेच लोणचं मागतो, त्याची काळजी करू नये. पण मी मराठीचा शिक्षक. मला त्यात कथानक दिसलं. "तुम्ही काही बोलू नका," मी गंभीरपणे म्हणालो. "मी बघतो." त्या रात्री मी मनातल्या मनात एक भाषण तयार केलं. उतारवय, संसार, संयम, असे मुद्दे होते. भाषण इतकं सुंदर उतरलं होतं की साडू निर्दोष निघाले असते तर मला वाईटच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना धामणकर नाक्यावर चहाला बोलावलं. नाजूक विषयाला याहून वाईट जागा मिळणार नाही. शेअर रिक्षावाले कानाशी ओरडत होते, ट्रक हॉर्न देत होते, मागच्या गल्लीत लूम खडखडत होते, आणि त्यात मला माणसाच्या अंतःकरणाला हात घालायचा होता.

"भाऊजी," मी म्हणालो, "तुम्ही रविवारी तिकडे जाता ते धबधब्यासाठी नाही. मला कळलंय."

साडूंचा कप तोंडाशी थांबला. "कोनी सांगितलं?"

"ते सोडा. किती दिवस चाललंय?"

"चार रविवार." त्यांनी मान खाली घातली. "घरात सांगायला तोंड न्हाय, मास्तर. पयल्या दिवशी नुसतं बघत हुबा ऱ्हायलो. मंग राहवलं न्हाय."

मी कप खाली ठेवला. "आणि त्या बाईच्या घरी कोणी नाही?"

"म्हातारा हाय की. त्यालाच बरं वाटतं मी गेलो का. त्याच्यानं आता व्हत न्हाय."

"भाऊजी, या वयात!" मी ओरडलो. बाजूचा रिक्षावाला वळून बघायला लागला. "क्या हुआ चाचा को?" त्याने विचारलं. मी त्याला काही नाही म्हणून हाताने सांगितलं.

"वयाचं काय हाय," साडू शांतपणे म्हणाले. "दोन तासांत पाठ धरती. पन अंगात जीव आल्यासारखं वाटतं. तुमाला न्हाय कळायचं. तुमी शहरातले."

एवढं सुंदर भाषण तयार असून त्यातलं एक वाक्य मला आठवलं नाही. मी फक्त म्हणालो, "येत्या रविवारी आपण सगळे जायचं. ताई, ही, मी. धबधबा बघायला. पाहणी पुरे." साडूंनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "या मंग. कवातरी कळायचंच."

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. पुठ्ठ्यावर बावीस वस्तू लिहिलेल्या होत्या, मी त्यात अठरावा, सतरंजीच्या खाली. ताई पुढे बसल्या होत्या आणि काचेतून बाहेर बघत होत्या. माझ्या बायकोला मी सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तीही गप्प. साडू नेहमीप्रमाणे ताशी तीसच्या वेगाने, प्रत्येक खड्ड्याला मान देत चालवत होते. वज्रेश्वरी मागे पडली, दुकानं संपली, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भाताची खाचरं आणि मध्ये वाकलेली माणसं दिसायला लागली, आणि मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. साडू गुणगुणत होते.

गावाच्या तोंडाशी रस्त्याला दोन फाटे फुटले. माझ्या बायकोने साधेपणाने विचारलं, "भाऊजी, धबधबा डावीकडे की उजवीकडे?"

साडूंनी व्हॅन थांबवली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग काच खाली करून समोरून येणाऱ्या एका माणसाला विचारलं, "दादा, धबधबा कुटं हाय?"

तो माणूस हसायलाच लागला. "तुमी इचारता? चार आयतवार येता नं इथं!"

चार रविवार पाहणी करून साडूंनी धबधबा पाहिलेला नव्हता, तो कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. ताई हळूहळू वळल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बाजूच्या खाचरातून एक खणखणीत हाक आली. "आलास काय रं? आज उशीर क्येला! आन् ही कोन, बायको हाय का तुजी?"

डोक्यावर निळं प्लास्टिक, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, हातात भाताच्या रोपांची मूठ आणि तोंडात एकही दात नसलेली सत्तर-पंचाहत्तर वर्षांची म्हातारी बांधाकडे येत होती. मागे तिचा नवरा कमरेवर हात ठेवून कसाबसा उभा होता.

"हीच का ती बाई?" ताईंनी विचारलं.

"व्हय," साडू म्हणाले. "हीच."

माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी सतरंजीकडे बघत होतो.

सगळे खाली उतरलो. म्हातारीने एका दमात सगळं सांगून टाकलं. दोघंच म्हातारी, मुलगा कामाला शहरात, भातलावणीला माणूस मिळत नाही. पहिल्या रविवारी हा बाबा बांधावर उभा राहून बघत होता. मग चपला काढल्या, पँट वर केली आणि न विचारता चिखलात उतरला. तेव्हापासून दर रविवारी येतो, चार वाजेपर्यंत लावतो, भाकरी खातो आणि जातो. "द्येवानी धाडला," म्हातारी म्हणाली. "पन हात जरा जड हाय त्याचा."

साडू ताईंसमोर असे उभे होते की मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. आणि मग एरवी एका वाक्यात संपणारा हा माणूस बोलायला लागला. अंजूरची त्यांची शेती गोदामाला दिली त्याला आता वीस वर्षं झाली होती. मला एवढंच माहीत होतं. त्या वेळी द्या म्हणून हट्ट ताईंनी धरला होता, हे माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून पंधरा पावसाळे चिखलात काढून ताईंची पाठ गेली होती, पायाची बोटं सडत होती, आणि एका जुलैत बांधावर बसून त्यांनी सांगितलं होतं की आता मी उतरणार नाही. साडूंनी एका शब्दाने विरोध केला नाही. जमीन दिली आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामात नोकरी धरली. त्यांचं टेबल आज जिथे आहे तिथे पूर्वी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे.

"तुला कसं सांगनार," ते म्हणाले. "तुला वाटंल, मी बोलून दाखवतो. मला तसं न्हाय बोलायचं. तुजं बरोबर व्हतं. पन धबधबा बगायला आलो, आन् हे दिसलं." त्यांनी खाचराकडे हात केला. "मंग वर जायचंच राहून गेलं. दर टायमाला."

ताई खाचराकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या रडणार, आणि मी खिशातला रुमाल काढून तयार ठेवला, कारण असल्या प्रसंगी आपण उपयोगी पडावं अशी माझी फार इच्छा असते. ताईंनी चपला काढल्या. सहलीसाठी घातलेल्या नव्या पंजाबी ड्रेसच्या सलवारीचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले, ओढणी कमरेला बांधली, म्हातारीने साडूंच्या हातात दिलेली रोपांची मूठ काढून घेतली आणि त्या चिखलात उतरल्या.

"अशी धरतात मूठ?" त्या म्हणाल्या. "सगळं विसरलात. आणि एवढी दाट कोणी लावली हो? तुम्हीच ना?"

"मीच," साडू म्हणाले आणि मागोमाग उतरले.

यानंतर बांधावर कोरडा उभा राहिलेला एकमेव धडधाकट पुरुष मीच होतो. लाज वाटून मीही उतरलो. पहिल्या पावलाला पाय आत गेला तो गेलाच, दुसऱ्या पावलाला चप्पल राहिली, तिसऱ्याला मी बसलो. ताज्या चिखलात बसलेल्या माणसाला उठवायला तीन माणसं लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. उठून मी निष्ठेने एक ओळ लावली. मागे वळून पाहिलं तर माझी सगळी रोपं पाण्यावर तरंगत माझ्याच मागून येत होती. म्हातारी हे बराच वेळ बघत होती. शेवटी तिने हाक मारली, "मास्तर, तुमी वर बसा. रोपं घाबरत्यात."

तेव्हा मी आणि बायको धबधब्याला गेलो. तो उजवीकडे होता. वर पोरांची गर्दी होती, कुणीतरी स्पीकर आणला होता, आणि पाणी दुधासारखं अजिबात नव्हतं. ते मातकट, चहाच्या रंगाचं होतं. संगीत नव्हतं. नुसता दणका होता, छातीत जाणवणारा. बावीस वर्षं साठवलेलं एकही विशेषण माझ्या मदतीला आलं नाही. बायकोने विचारलं, "कसा वाटतोय?" मी म्हणालो, "मोठा आहे." उतरताना शेवाळावरून घसरलो आणि उरलेली उतरण बसूनच केली, त्यामुळे चिखलाच्या वरती शेवाळाचा एक थर चढला.

खाली आलो तेव्हा खाचर पूर्ण लावून झालं होतं. ताई आणि साडू बांधावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते आणि भांडत होते, कुठली ओळ कोणाची यावरून. ताईंची पाठ धरली होती, त्यांना सरळ बसवत नव्हतं, आणि त्या हसत होत्या. परत निघताना साडूंनी माझ्या अवताराकडे बघितलं, मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि पुठ्ठ्यावर माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर 'ओला माल' असं होतं.

त्यानंतर तीन पावसाळे आम्ही चौघं तिथे जात राहिलो. माझ्याकडे चहा पोचवण्याचं काम होतं, आणि तेवढं मला जमायचं, निम्मा सांडला तरी. आठवीचा निबंध मी आता सांगत नाही. मुलांना म्हणतो, जे पाहिलं असेल ते लिहा. बहुतेक जण रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहितात आणि उत्तम लिहितात.

या वर्षी जुलैत गेलो तर खाचराभोवती तारेचं कुंपण होतं. लोखंडी गेट होतं, गेटला कुलूप होतं, आणि आत चिखलाऐवजी गवत माजलं होतं. शेजारच्या घरी विचारलं तेव्हा कळलं, म्हाताऱ्याला आता उठवत नाही, दोघांना मुलगा आपल्याकडे घेऊन गेला, जागा कुणा शहरातल्या माणसाने फार्महाऊससाठी घेतली. साडूंनी या वेळी पाहणी केली नव्हती. गेली तीन वर्षं या गावासाठी त्यांना कधी तिची गरजच वाटली नव्हती. ते गेटजवळ थोडा वेळ उभे राहिले, गजांतून आत बघितलं, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "चला मंग, धबधबा तरी बगू. मी अजून बगितला न्हाय."

चौघं वर गेलो. पाऊस थांबला होता आणि गर्दी नव्हती. पाणी माझ्या आठवणीतल्यासारखंच दणकत होतं. साडू हात मागे बांधून एखाद्या दुसऱ्याच्या गोदामात उभं राहावं तसे अदबीने उभे राहिले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी ताई जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढं आलोय तर पाय तरी भिजवा."

त्यांनी चपला काढून एका दगडावर नीट जोडून ठेवल्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ताईंचा खांदा धरला आणि पाण्यात दोन पावलं टाकली. पाणी घोट्यांवरून खळखळत जात होतं. ते खाली बघत राहिले, एक पाय उचलून पुन्हा टेकवून पाहिला, मग दुसरा.

"गार आहे का?" ताईंनी विचारलं.

"गार हाय," साडू म्हणाले. आणि टाच पुन्हा दाबून बघत, "खाली दगड हाय गं. पाय रुतत न्हाय."